देणाऱ्यानं बोलायचं असतं

डिंभ्याला एसटीची वाट बघत चहा पीत बसलो होतो. एसटी वेळेवर येण्याची भीती नव्हती, म्हणून दुसरा चहा सांगितला. शेजारच्या बाकावर दोन तरुण मासळीच्या रिकाम्या पाट्या पायाशी ठेवून गप्पा मारत होते. त्यातला एक दुसऱ्याला धरणात गेलेल्या एका गावाची गोष्ट सांगत होता. त्या गावात म्हणे एक म्हातारी होती. सरकारी मोजणी झाली तेव्हा कळलं की बाई वर्षानुवर्षं दुसऱ्याच्याच रानात पेरत होती. ऐकणारा हसला. चहावालाही हसला.

गोष्ट म्हणून वाईट नव्हती. आटोपशीर होती आणि शेवटी हसू येत होतं. अडचण एवढीच की ती माझ्यापासून सुरू झाली आहे. त्या गावात देवळाच्या चौथऱ्यावर उभं राहून, सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ती पहिल्यांदा मी सांगितली. नंतर दुरुस्तही केली, पण दुरुस्ती खाली चिखलात उभं राहून केली, आणि चिखलातलं बोलणं रस्त्यापर्यंत पोचत नाही. म्हणून आता लिहायला बसलो आहे.

त्या म्हातारीचं नाव हौसाबाई. सगळं गाव त्यांना आत्या म्हणायचं. त्यांच्याहून वयानं मोठी माणसंसुद्धा.

मी मोजणी खात्यातला. आयुष्यभर लोकांना त्यांच्या जमिनीच्या हद्दी दाखवल्या आणि दोन्ही बाजूंच्या शिव्या खाल्ल्या. नोकरीची शेवटची वर्षं राहिली असताना मला आंबेगावच्या वरच्या अंगाला, धरणाच्या पोटातल्या त्या गावात पाठवण्यात आलं. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. तसंही ते वर्षातले बरेच महिने पाण्याखाली असतं.

होळी उलटली की धरणाचं पाणी उतरायला लागतं. आधी देवळाचा चौथरा वर येतो, मग विहिरीचं तोंड, मग चिंचांचे बुंधे, आणि मग वरच्या अंगाची रानं. खालची, नदीकाठची रानं बहुतेक वर्षी उघडतच नाहीत. जी उघडतात त्यांच्या ओल्या गाळात पाऊस येईपर्यंत एक पीक निघतं. मूग, बाजरी, काकडी, जे साधेल ते. याला गाळपेर म्हणतात. कागदावर ही जमीन कधीचीच सरकारची झाली होती. मोबदला मिळाला होता, सातबारे बंद झाले होते. पण वर डोंगराच्या कडेला राहायला गेलेली माणसं दर उन्हाळ्यात खाली उतरत आणि आपापलं रान धरत. पाहुणा उठून गेला की आपण आपल्या खाटेवर बसतो, तसं.

आता ही गाळपेर रीतसर भाड्यानं द्यायची, ज्याचा जुना नंबर त्यालाच त्याचा तुकडा द्यायचा, असं वर ठरलं. चांगलंच ठरलं होतं. त्यासाठी जुन्या नकाशाप्रमाणे खुंट रोवायचे होते, आणि ते रोवायला मी मशीन घेऊन गेलो.

आत्या पहिल्याच दिवशी भेटल्या. अंगानं काटकुळ्या, आवाजानं मात्र भरगच्च. पदराच्या एका गाठीत शेंदराची पुडी आणि मशेरीची डबी अशी दोन्ही असत, त्यामुळे अधूनमधून देवाला मशेरी लागायची. मी ते दाखवून दिलं तर म्हणाल्या, "लागू द्या. त्यालाबी दिवसभर उभं राहायचं असतंय."

मी त्यांना विचारलं की जुने हद्दीचे दगड कुठे आहेत. त्यांनी हनुवटी पुढे काढली आणि चालू लागल्या. ही त्यांची सवय. रानाकडे कधी बोट दाखवायच्या नाहीत. बोट दाखवलं की जमीन रुसते, असं त्यांचं म्हणणं. सगळी दिशा हनुवटीनं. थोडी हनुवटी म्हणजे जवळचं रान, मान ताणून हनुवटी म्हणजे ओढ्यापलीकडचं. माझ्या मशीनच्या दुर्बिणीकडे त्यांनी बराच वेळ संशयानं पाहिलं. मग म्हणाल्या, हे बोटच हाय की, फक्त डोळा लावलेलं.

प्रत्येक बांधाच्या टोकाला दगड होता आणि प्रत्येक दगडाला शेंदूर होता. हा म्हसोबा, हा वीर, ही साती आसरा. एवढ्याशा गावाला इतके देव कशाला, असं मी थट्टेनं विचारलं.

"जितकं बांध तितकं देव," आत्या म्हणाल्या. "सरकारचा दगड कुनीबी सरकवतंय, पावणं. देवाचा दगड सरकवायला छाती लागती."

मी दगडांच्या जागा नकाशाशी ताडून पाहिल्या. एकही देव जागेवर नव्हता.

पुढे कळलं की देव दर वर्षी हलत. पाणी उतरलं की आत्या शेंदूर घेऊन खाली यायच्या आणि गाळातून दगड उपटून नव्या जागी बसवायच्या. देवाला विचारून सरकवते, असं म्हणायच्या. देवानं कधी नाही म्हटल्याचं कुणाच्या आठवणीत नव्हतं.

त्यांचा न्याय कसा चालायचा ते मी डोळ्यांनी पाहिलं. मारुती आणि किसन हे दोघे चुलतभाऊ. रानं लागून. बांध कुठून घालायचा यावर त्यांची जुंपली. मारुतीनं आजोबांची शपथ घेतली. किसननंही घेतली, आणि आजोबा एकच असल्यामुळे प्रकरण अवघड झालं. मी नकाशा काढायला पिशवीत हात घातला. आत्यांनी मला नुसत्या नजरेनं थांबवलं. मग दोघांना चपला काढायला लावून गाळात उतरवलं, एकाला या टोकाला, दुसऱ्याला त्या टोकाला. दोघांनी आपापल्या टोकाकडून हातानं बांध घालत यायचं, मधे भेटायचं. कुणी दोरी धरायची नाही. आत्या चिंचेच्या बुंध्यावर बसून मशेरी लावू लागल्या.

तो गाळ म्हणजे गुडघ्यापर्यंत. एक पाय काढावा तर दुसरा आत. सुरुवातीला दोघांच्या तोंडून शिव्या येत होत्या, मग नुसता श्वास येऊ लागला, आणि सूर्य डोक्यावर येईतो दोघे मधे पोचले तेव्हा बांध मेलेल्या सापासारखा वाकडातिकडा पडला होता. किसननं मारुतीकडे तंबाखू मागितली. मारुतीनं दिली.

"चिखलात उभं ऱ्हायलेला मानूस लई वेळ भांडत न्हाई," आत्या मला म्हणाल्या. "तुमची कचेरी कोरडी असती. तितंच चुकतंय."

मी हसलो. पण वहीत त्या बांधाची नोंद घेताना मनात म्हटलं, हा काही पुरावा नव्हे.

त्या दिवसांत मी दुपारी त्यांच्याकडेच जेवायचो. तांदळाची भाकरी आणि धरणातले मासे. मी बोरी बुद्रुकचा, खाली जुन्नर तालुक्यातला, हे कळल्यावर त्यांनी मला बरंच खोदून विचारलं. आमच्याकडे काय पिकतं, पाणी कुठलं. मी सांगितलं की ऊस असतो, आणि या धरणाचं पाणी कालव्यानं आमच्या बाजूला वळवलेलं आहे. त्यांनी तव्यावरची भाकरी उलटली.

"म्हंजी आमचं रान दाबून बसल्यालं पानी तुमच्या उसात जातंय."

मी म्हटलं, तसंच म्हणायचं.

"मग गूळ तरी आनायचा येताना."

पुढच्या फेरीला मी गूळ नेला. त्यांनी त्यातला खडा आधी म्हसोबापुढे ठेवला. तो खडा दुपारपर्यंत मुंग्यांनी नेला. देवानं घेतला, असं त्यांनी मला बजावलं.

मोजणी संपली त्या दिवशी सगळं गाव देवळाच्या चौथऱ्यापाशी जमलं. मी चौथऱ्यावर उभा राहून एकेकाचा नंबर आणि तुकडा वाचून दाखवला. माझ्या आवाजाला तेव्हा धार होती. लोक माना हलवत होते, कारण जवळजवळ प्रत्येकाला गेल्या वर्षीपेक्षा थोडं जास्त मिळत होतं. हे जास्तीचं येतं कुठून, हा प्रश्न मला पडायला हवा होता. मी तो नकाशाच्या अचूकपणावर ढकलला.

आत्या मारुतीच्या रानाच्या कडेची एक पट्टी पेरत असत. चांगली रुंद पट्टी, मुगाला लायक. नकाशात ती पूर्ण मारुतीच्या नंबरात होती. आत्यांचा स्वतःचा नंबर कुठे आहे ते मी शोधलं, तर तो नदीच्या काठाला, सगळ्यांत खाली निघाला. धरण झाल्यापासून तो पाण्यातून वर आलेलाच नव्हता.

तेव्हा मी म्हणालो, "ही पट्टी बाईंची नाही. बाई इतकी वर्षं दुसऱ्याच्या रानात पेरत आल्या आहेत. इथं त्यांचं काही नाही."

मारुती पायाच्या अंगठ्यानं गाळ उकरत होता. मागून कुणीतरी पोरगेलं खुदकन हसलं. आत्यांनी पदर सारखा केला आणि मला म्हणाल्या, "चला पावणं, भाकरी गार हुतीय."

जेवताना मी जरा समजुतीच्या स्वरात सांगायला गेलो की नकाशा म्हणजे नकाशा, त्याला माझा इलाज नाही. त्यांनी माझ्या ताटात मासा वाढला.

"तुमचं खरं हाय. ती पट्टी माझी न्हाई. ती मला दिल्याली हाय."

मग त्यांनी गावाची रीत सांगितली. पाणी सगळ्यांना सारखं सोडत नाही. कुणाचं रान उघडतं, कुणाचं आतच राहतं. ज्याचं उघडलं, त्यानं ज्याचं आत राहिलं त्याला आपल्यातली एक पट्टी त्या उन्हाळ्यापुरती द्यायची. पाणी दर वर्षी वेगळ्या ठिकाणी थांबतं, म्हणून पट्ट्या दर वर्षी वेगळ्या, म्हणून बांध वेगळे, म्हणून देव हलते. एकट्या आत्याच नव्हत्या, खालच्या अंगाची आणखी घरं होती. मी ज्याला जास्तीचं म्हणून वाटून आलो होतो, ते सगळं त्यांचं होतं.

मी विचारलं, मग हे तिथं चौथऱ्यावर का नाही सांगितलं?

"देनाऱ्यानं बोलायचं असतं. घेनाऱ्यानं न्हाई. आपुन घेतल्यालं आपुनच सांगत सुटलं, तर ती मागनी झाली."

चौथरा तिथून हाकेच्या अंतरावर होता. लोक अजून पांगले नव्हते. त्यांच्या बोलण्याचा आवाज मला जेवताना ऐकू येत होता. मी उठून गेलो असतो आणि म्हटलं असतं की माझं वाक्य अर्धंच होतं, तर देणाऱ्यांपैकी कुणाला तरी तोंड उघडावं लागलं असतं. मी दुसरी भाकरी मागून घेतली. मासे फार छान झाले होते. मग जीपमध्ये बसलो.

दुसऱ्या उन्हाळ्यात खुंटांची पाहणी करायला गेलो. बरोबर एक साहेब होते, ते जीपमधून उतरायला तयार नव्हते. खाली जाऊन पाहतो तो माझ्या एकूण एक लोखंडी खुंटाला शेंदूर. प्रत्येकापुढे एकेक फूल. आणि खुंट माझ्या जागेवर नव्हते. मारुतीच्या रानातून आत्यांची पट्टी पुन्हा वेगळी निघाली होती, आणि खालच्या घरांच्याही पट्ट्या निघाल्या होत्या.

आत्या चिंचेच्या बुंध्यावर बसल्या होत्या.

"हे कुणी हलवलं?" मी विचारलं.

"पानी आलं, पानी गेलं. देव आपल्या पायानं फिरला आसंल."

मला हसू आलं होतं, हे इथं सांगून टाकतो. दुर्लक्ष करून परत फिरलो असतो तर कुणाला कळलंही नसतं. पण वर साहेब होते, आणि मशीननं लावलेला खुंट एका म्हातारीनं गंध-फूल वाहून हलवला, हे माझ्या मनाला लागलं. मी मजुरांना खुंट उपटायला सांगितले. ते हात मागे बांधून उभे राहिले. देवाला कोण हात लावणार. मारुतीला सांगितलं, तर त्याची कंबर धरली होती. शेवटी मी पॅन्ट दुमडून स्वतः गाळात उतरलो आणि एकेक देव उपटू लागलो.

आत्या शांतपणे बघत होत्या. पहिला खुंट निघाला तेव्हा म्हणाल्या, "जपून, पावणं. अजून वलं हाय."

माझे दोन्ही हात मनगटापर्यंत लाल झाले. वर गेल्यावर साहेबांनी काळजीनं विचारलं, लागलं का कुठे. मी नाही म्हणालो. ते हात जीपमध्ये पुसत होतो, घरी नळाखाली कितीतरी वेळ धूत होतो.

त्यानंतर पट्ट्या बंद झाल्या. आता प्रत्येकाकडे स्वतःच्या तुकड्याची भाड्याची पावती होती, आणि पावतीत दुसऱ्याचं नाव घालायला जागा नसते. खालच्या अंगाची घरं उन्हाळ्यात मजुरीला बाहेर पडू लागली. आत्या खाली आळे गावाकडे कांदे काढायला जाऊ लागल्या. त्यांच्या वयाच्या बाईनं दिवसभर उकिडवं बसून कांदे काढावेत, हे मला दुसऱ्यांकडून कळायचं आणि मी विषय बदलायचो. गावात त्यांना समोर कुणी काही म्हणालं नाही. मागे मात्र माझं वाक्य फिरत राहिलं.

मी निवृत्त झालो, बोरीला येऊन राहिलो. आणि मग देवानं आपल्या पायानं फिरत माझ्याच बांधावर येऊन उभं राहावं, तसं झालं. धाकट्या भावानं मोजणी मागवली. माझ्याच हाताखाली शिकलेल्या पोरानं मशीन लावलं आणि बांध माझ्या बाजूनं त्याच्या रानात सरकल्याचं दाखवून दिलं. मी फेरमोजणी मागितली. फेरमोजणीत बांध आणखी सरकला. मग आम्ही दावा लावला. दावा चालू, रान पडीक, आणि दोघे भाऊ समोरासमोरच्या दारात बसून एकमेकांच्या म्हशींवर टीका करत होतो.

अशात एक उन्हाळा फार कडक आला. आधीच्या पावसाळ्यात धरण भरलंच नव्हतं. एका सकाळी मारुतीचा फोन आला. "आत्यानं बोलावलंय. तिचं रान उघडलंय. मशीन आनू नका म्हनली."

मी गूळ घेऊन गेलो.

इतकं खाली गेलेलं पाणी मी कधी पाहिलं नव्हतं. नदी जुन्या पात्रात एका रेघेसारखी दिसत होती, आणि तिच्या काठाला आत्यांचं रान वरवर भेगा पडत वाळत होतं. आत्या मधोमध उभ्या होत्या. पाठ वाकली होती, दात गेले होते, मशेरीची डबी होती. सगळं गाव बांधाबांधानं उभं होतं, कारण त्या रानात आपण होऊन कुणी पाऊल टाकत नव्हतं. मी चपला काढल्या आणि कडेच्या ओल्या चिखलात उतरलो. तिथूनच बोललो.

म्हणालो, मागे चौथऱ्यावर मी जे बोललो ते अर्धं होतं. ही बाई कुणाच्या रानात चोरून पेरत नव्हती. तिला पट्टी दिलेली होती, तुमच्या रीतीनं दिलेली होती. मला हे त्याच दुपारी कळलं होतं.

मग मारुती म्हणाला, "मीच दिल्याली. बोलायला पायजे व्हतं."

"बोललास न्हवं," आत्या म्हणाल्या. "आता तोंड मिट, माशी जाईल."

लोक हसले. मला वाटलं, झालं. पण आत्या अस्वस्थ होत्या. इकडून तिकडे हनुवटी फिरवत प्रत्येक रान बघत होत्या. औंदा सगळ्यांचंच उघडलंय, म्हणाल्या, आता पट्टी द्यायची कुणाला? पहिल्यांदाच त्यांच्यावर देण्याची पाळी आली होती, आणि घेणारं कुणी नव्हतं.

मग त्या माझ्याकडे वळल्या. "पावणं, तुमचं बोरीचं रान औंदा पिकलं का?"

मी सांगितलं, नाही. भावाभावांच्या दाव्यात पडीक आहे.

"म्हंजी नावावर हाय, पर हाताला न्हाई."

"नाही."

"मग ही पट्टी घ्या. पाऊस येईस्तवर."

मी नको म्हणायला तोंड उघडलं. त्यांनी वर चौथऱ्यापर्यंत ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं, "ही मी दिल्याली हाय. कुनी काय बोलायचं न्हाई." आणि मला मारुतीसमोर दुसऱ्या टोकाला उभं करून बांध घालायला लावला. निवृत्त माणूस, शर्टाच्या बाह्या वर, गुडघ्यापर्यंत चिखल. माझ्या हातचा तो सर्वांत वाकडा बांध.

मूग मारुतीनंच टाकला आणि काढला. पिशवीत भरून एसटीच्या कंडक्टरकडे दिला, आणि एसटी सवडीनं दुसऱ्या दिवशी पोचली. तो मूग मी धाकट्या भावाच्या दारात नेऊन निम्मा ओतला. तो विचारत राहिला की हा कुठला. मी रानातला म्हणालो. दावा अजून काढून घेतलेला नाही, पण म्हशींबद्दलचं बोलणं थांबलं आहे.

पुढच्याच पावसाळ्यात आत्या गेल्या. यंदा मी पट्टी बघायला गेलो होतो, पण पाणी तिथवर उतरलं नाही. परतताना ते चहाचं दुकान आणि ते दोन तरुण. त्यांना तिथंच हे सांगायला हवं होतं, पण तेवढ्यात एसटी आली. अशा वेळी ती बरोबर येते.

आत्यांनी पट्टी दिली त्या दिवशी, बांध घालून झाल्यावर, मी चढण चढून रस्त्यावर आलो आणि वळून पाहिलं. गाव घरोघर गेलं होतं. आत्या एकट्याच खाली होत्या. माझ्या पट्टीच्या टोकाशी त्या उकिडव्या बसल्या, पदराची गाठ सोडली, आणि तिथल्या एका दगडाला सावकाश, चारी बाजूंनी शेंदूर लावला.

आता त्या दगडावर पाणी आहे. पण तो तिथेच असणार. सरकवायला छाती लागते.